गेरिट बूर्स्मा यांचा मिताचारी पाय

मिशिगनमधल्या झीलंड या कर्मठ गावात एखाद्याची थोरवी सांगायची असली की त्याने जन्मभरात काय काय टाळले ते सांगतात, आणि गेरिट बूर्स्मा यांच्याविषयी बोलताना गावाला शब्दांची वाण कधी पडली नाही. त्यांनी कर्ज टाळले, मद्य टाळले, मोठ्याने हसणे टाळले. आणि रविवारी ज्याला काम म्हणता येईल असे काहीही, गवत कापण्यापासून बूट पुसण्यापर्यंत, कटाक्षाने टाळले. ऑफिसची कपाटे करणाऱ्या कारखान्यात त्यांची हयात ड्रॉवर तपासण्यात गेली. ड्रॉवर ओढायचा, हलकेच लोटायचा आणि तो निःशब्द मिटतो की नाही हे कान देऊन ऐकायचे. ज्याचा ‘ठक्’ झाला तो परत. मिशिगनमधल्या कितीतरी कचेऱ्यांची शांतता या एका कानावर उभी होती.

अशा पुरुषाने हिरवी कॉर्व्हेट, म्हणजे दोनच आसनांची वेगवान गाडी, बाळगावी हे कोणालाही विसंगत वाटले असते. परंतु गेरिट यांनी ती कलामाझूच्या एका विधवेकडून घेतली तेव्हा ती पुरेशी जुनी झालेली होती, आणि जुनी वस्तू हा विलास नसून काटकसर आहे असा झीलंडचा सिद्धान्त आहे. मूळ गालिचा झिजू नये म्हणून त्यांनी पायाखाली एक चटई घातली, चटई झिजू नये म्हणून रबराचे पायपुसणे घातले, आणि त्या पायपुसण्यावरही जुन्या टॉवेलची घडी पसरली. गाडीत बसताना ते बूट झटकत. चर्चमध्ये शिरताना त्यांनी ते झटकल्याचे कोणी पाहिलेले नाही.

या गाडीला तीन गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता, आणि दुसरीतून तिसरीत जाताना तो पाठीत गुद्दा घालत असे. ज्या माणसाने एका ‘ठक्’साठी हजारो ड्रॉवर परत धाडले, त्याला हा गुद्दा मात्र प्रिय होता, त्याला ते ‘दणकटपणा’ म्हणत. त्यांच्या पत्नी अर्लीनबाई त्याला गुद्दाच म्हणत, पण सोसत असत. पुढे अर्लीनबाईंच्या मानेची शस्त्रक्रिया झाली, दोन मणके पट्टीने आणि स्क्रूने एकमेकांना सांधले गेले, चर्चचा ऑर्गन वाजवणे सुटले, आणि सोसणेही संपले.

“माझी मान तुझ्या गाडीचा पार्ट नाहीये, गेरिट,” त्या म्हणाल्या. “ती परत मिळत नाही.”

तेव्हापासून ऑक्टोबरात, पाने लाल झाली की कॉर्व्हेटवाल्यांच्या क्लबची जी रांग सरोवराच्या काठाने उत्तरेला जाते, तिच्यात बूर्स्मा दांपत्य दोन गाड्यांतून जाऊ लागले. पुढे हिरव्या गाडीत गेरिट आणि शेजारची रिकामी जागा. मागे करड्या गाडीत अर्लीनबाई आणि रेडिओ. जे गाव नवराबायकोला दोन वेगळ्या बाकांवर बसलेले पाहून प्रार्थना सुरू करते, त्याने दोन गाड्यांवर काय विचार केला असेल हे सांगायला नको. गेल्या खेपेला घरी परतल्यावर अर्लीनबाईंनी हातमोजे काढत निकाल दिला.

“हे शेवटचं. तुझ्या मागच्या दिव्यांकडे बघत आख्खा किनारा पालथा घालायची मला हौस नाही. शेजारी बसता आलं तर येईन, नाहीतर घरी बसेन. तू जा एकटा.”

एकट्याने जायचे तर जायचे कशाला, आणि जायचेच नाही तर गाडी ठेवायची कशाला, एवढा तर्क गेरिट यांनाही येत होता. गिअरबॉक्स बदलायचे ठरले.

मार्व्हिन टेर हार हे त्यांचे शाळेपासूनचे मित्र आणि क्लबचे प्रमाणपुरुष. गाडीच्या चौकटीवरचा आकडा, इंजिनावरचा आकडा आणि गिअरबॉक्सवरचा आकडा एकमेकांशी जुळला पाहिजे, या अद्वैतावर त्यांची निष्ठा होती. बातमी कळताच ते गॅरेजच्या दारात उभे राहिले.

“मूळ गिअरबॉक्स काढतोयस? अरे लेका, बाप्तिस्मा परत केला असतास तरी मी समजून घेतलं असतं.”

“फेकत नाहीये मी. पुसून, तेल लावून, गोधडीत गुंडाळून गॅरेजच्या बाकाखाली ठेवणार आहे.”

“मेलेल्यांना पण असंच ठेवतात.”

“जॅक धरतोस की प्रवचन देतोस?”

“दोन्ही येतं मला,” असे म्हणून मार्व्ह यांनी जॅक धरला. तोंडाने निषेध आणि हाताने साहाय्य अशी दुहेरी सेवा त्यांनी वसंतभर केली.

नवा गिअरबॉक्स चार गतींचा होता. त्याला स्वतःची बुद्धी नव्हती; ती एका बाहेरच्या कंपनीने केलेल्या, तळहाताएवढ्या इलेक्ट्रॉनिक पेटीत होती. गती केव्हा बदलायची आणि बदलताना पकड हळुवार ठेवायची की घट्ट, हे सारे पेटी ठरवी. चालकाचे मन जाणण्याचा तिला एकच मार्ग: कार्ब्युरेटरला जोडलेला एक सेन्सर, जो अ‍ॅक्सिलरेटर किती दाबला आहे एवढेच कळवतो. थोडा दाबला तर माणूस निवांत आहे असे समजून पेटी अलगद गती बदलते. पूर्ण दाबला तर माणूस घाईत आहे असे समजून ती खसकन पकडते. त्यासाठी आरंभी तिला दोन गोष्टी शिकवाव्या लागतात, पाय मोकळा असणे म्हणजे काय आणि पूर्ण दाबणे म्हणजे काय. लॅपटॉपच्या पडद्यावर आज्ञा उमटली: पेडल पूर्ण दाबा. गेरिट यांनी दाबले. पेटीने ते श्रद्धेने ग्रहण केले.

आणि गाडी पूर्वीपेक्षा अधिक गुद्दे घालू लागली. पूर्वी एक असे, आता तीन.

जून गेला, जुलै गेला. सोमवार ते शनिवार गेरिट लॅपटॉपवर मार्दवाचे आकडे वाढवत, गल्लीला फेरी मारत, मान चोळत परत येत. अर्लीनबाईंनी एकदाच परीक्षा घेतली. उपदेशाच्या वेळी बाकावरून बाकावर फिरणाऱ्या पेपरमिंटच्या गोळ्या त्यांच्या पर्समध्ये सदैव असत. त्यातली एक उघड्या तळव्यावर ठेवून त्या शेजारी बसल्या. कोपऱ्यापर्यंत जाण्याआधीच गोळी उडून पुढच्या काचेवर आपटली. अर्लीनबाई उतरल्या आणि चालत घरी गेल्या.

शेवटी गेरिट यांनी कंपनीला फोन केला. हेही त्यांनी फार दिवस टाळले होते. पलीकडच्या माणसाने पहिलाच प्रश्न विचारला.

“पेडल पूर्ण दाबलं होतं ना, सर?”

“पूर्ण म्हणजे पूर्णच. मी खोटं कशाला सांगेन?”

त्या माणसाला झीलंड ठाऊक नव्हते. त्याने विश्वास ठेवला, आणि एक दिवस नेहमीसारखी गाडी चालवून पेटीकडून सगळ्या प्रवासाची नोंद करून घ्या, असे सुचवले. नेहमीसारखी, म्हणजे रविवारची, चर्चला जाण्याची. इथे धर्मसंकट उभे राहिले.

“रविवारी काम?” अर्लीनबाई दारातूनच म्हणाल्या.

“मी कुठं काय करतोय? पेटी नोंद करते. मी नुसता गाडी चालवणार.”

“बायबलातल्या त्या आज्ञेत तुझा बैल आणि तुझं गाढवसुद्धा आलंय, गेरिट. त्यांनी पण काम करायचं नाही.”

“लॅपटॉपचं नाव नाहीये त्यात.”

“गाढवात धर.”

तडजोड अशी निघाली की पेटी शनिवारीच चालू करून ठेवायची, रविवारी तिच्याकडे पाहायचेसुद्धा नाही, आणि नोंद सोमवारी उघडायची. त्याप्रमाणे गेरिट हिरव्या गाडीतून गेले, अर्लीनबाई त्यांच्यामागून करड्या गाडीतून गेल्या, आणि दोघेही तसेच परतले. सोमवारी कॉफीच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. पडद्यावर वेळ सरकत होती आणि तिच्याखाली पेडलचा आकडा.

“हे काय आहे? पन्नास?” अर्लीनबाईंनी चष्मा सारखा केला.

“चर्चच्या आवारातून बाहेर पडताना. अर्धं पेडल.”

“अर्धं? मी तुझ्या मागेच होते. तू रांगत होतास. वान ह्यूव्हेलनच्या आजी वॉकर घेऊन तुझ्या पुढे गेल्या.”

“मशीन कशाला खोटं बोलेल?”

“आणि इथं शंभर दाखवतंय!”

“तिथं चढ आहे.”

“मेन स्ट्रीटला चढ?” त्यांनी कॉफी बाजूला सारली. “गेरिट, खरं सांग. ही गाडी घेतल्यापासून तू ते पेडल एकदा तरी शेवटपर्यंत दाबलंयस का?”

“दाबतो की. लागेल तेवढं.”

“लागेल तेवढं म्हणजे पूर्ण नव्हे रे बाबा!”

त्या गेरिट यांना घेऊन गॅरेजमध्ये गेल्या. इंजिन बंदच होते. त्यांनी गेरिट यांना दाबायला सांगितले; त्यांनी दाबले.

“अजून.”

“एवढंच जातं.”

“अजून, गेरिट.”

“अगं, तुटेल ते.”

अर्लीनबाईंनी टॉवेल ओढून काढला, पायपुसणे काढले, चटई काढली. पेडलला बोटभर मोकळीक मिळाली, पण गेरिट यांचा पाय त्या मोकळिकीत शिरेना. दोष एकट्या चटईचा नव्हता. जो माणूस पावाला लोणी लावतानाही सुरीचे टोकच बुडवतो, त्याने परमावधी म्हणून जे काही केले होते ते पेडलच्या पाव वाटेवरच संपले होते. पेटीने मात्र त्यांचा शब्द प्रमाण मानला होता. यांचे ‘पूर्ण’ एवढेच, तर यांचे रोजचे चालवणे म्हणजे केवढा आकांत, असे समजून ती बिचारी इमानाने गुद्दे घालीत होती.

“ऊठ तिथून,” अर्लीनबाई म्हणाल्या.

हिरव्या गाडीच्या स्टिअरिंगच्या मागे त्या आजवर कधी बसल्या नव्हत्या. ऑर्गनच्या पायपट्ट्या त्यांनी वर्षानुवर्षे वाजवल्या होत्या, आणि स्तोत्राच्या अखेरच्या कडव्याला काचा थरथरेपर्यंत आवाज सोडायचा असतो तेव्हा पाय अर्ध्यावर थांबवणे हा गायकवृंदाचा अपमान आहे, हे त्या जाणत होत्या. लॅपटॉप आणला गेला, पेटीचा धडा पुन्हा सुरू झाला आणि पडद्यावर तीच आज्ञा उमटली. त्यांनी टाच टेकवली आणि पेडल लोखंडी तळाला भिडेपर्यंत दाबून धरले. गेरिट यांनी डोळे मिटून घेतले.

त्या दुपारी गाडी गल्लीतून गेली ती साय धरलेल्या दुधासारखी. गती केव्हा बदलली हे काट्याकडे पाहिल्याशिवाय कळेना.

“गेली की काय तिची जान?” मार्व्ह यांनी फाटकातून विचारले. “धक्काच नाही!”

“धक्के हवे असतील तर बाकाखाली ठेवलेत. घेऊन जा,” अर्लीनबाई म्हणाल्या.

ऑक्टोबरात क्लबची रांग निघाली तेव्हा करडी गाडी गॅरेजमध्येच राहिली. हिरव्या गाडीत गेरिट, आणि शेजारी गळ्याभोवती स्कार्फ गुंडाळून अर्लीनबाई. तिसऱ्या गतीतून चौथीत जाताना त्यांची मान जागची हलली नाही. गेरिट यांचे समाधान इतके होते की ते जवळजवळ बोलून दाखवणार होते. वाटेत पेंटवॉटर गावी वाटाण्याच्या सुपासाठी सगळे थांबले, आणि पुन्हा निघताना अर्लीनबाईंनी हात पुढे केला.

“किल्ली दे.”

“का? तुझ्या मानेला काही होतंय का?”

“मान छान आहे. तुझा पाय दमला असेल.”

“माझा पाय अजिबात दमलेला नाही.”

“तेच म्हणतेय मी. दे इकडे.”

गावाबाहेर हमरस्त्यावर सफरचंदांचा एक ट्रक डुलत चालला होता. गेरिट यांनी अशा ट्रकांमागून निम्मे मिशिगन पाहिलेले होते. त्यात त्यांना काही उणे वाटले नव्हते. अर्लीनबाईंनी आरशात पाहिले, चाक वळवले आणि पेडल तळाला नेले. या चालकाला घाई आहे हे पेटीने यावेळी अचूक ओळखले. गाडी एक गती खाली उतरली, इंजिनाने असा कंठ फोडला, जो गाडीच्या मालकाने इतक्या वर्षांत कधीच ऐकला नव्हता, आणि गेरिट यांचे डोके सावकाश, अत्यंत सभ्यपणे, आसनाच्या पाठीला जाऊन टेकले. ट्रक मागे पडला. मार्व्हही मागे पडले.

पुढच्या थांब्यावर मार्व्ह लगबगीने आले आणि डावीकडच्या, चालकाच्या खिडकीवर हात आपटत ओरडले, “गेरिट, म्हातारचळ लागलाय का तुला? अरे, मूळ इंजिन आहे ते!”

काच खाली झाली. आत अर्लीनबाई होत्या, गालांवर लाली, केस विसकटलेले. पलीकडे त्यांचे यजमान गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. सबंध वर्ष त्यांनी एकच मागितले होते, की दोन्ही आसने भरलेली असावीत. ती भरलेली होती, आणि कोणत्या आसनावर कोण हा तपशील त्यांनी मागण्यात घातला नव्हता.

“मार्व्ह,” गेरिट म्हणाले, “तुझी गाडी जरा बाजूला घे बाबा. हिला निघायचंय.”