कुरुंद्याहून येणारा आवाज

हजार किलोमीटर लांब बोलायचं तर तेवढ्याच मोठ्यानं ओरडायला हवं, असा माझ्या वडिलांचा पक्का समज होता. दर रविवारी ते आमच्या गावच्या, कुरुंद्याच्या एसटीडी बूथवरून माझ्या हॉस्टेलला फोन करायचे आणि असे ओरडायचे, की माझ्या कानात नुसती खरखर पोचायची. "लेकरा" तेवढं कळायचं. बाकीच्यावर मी अंदाजानं "व्हय, व्हय" म्हणायचो. "बाबा, हळू बोला" म्हणायला जीभ रेटायची नाही. त्या शहरात माझ्याशी मराठी बोलणारं कुणी नव्हतं. मला फार एकटं वाटायचं. आठवड्यातून एकदा येणारा तो आवाज कमी करा, असं कसं सांगणार?

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी अतिवाहक पट्ट्यांवर संशोधन करत होतो. नखाएवढ्या चकतीवर एक पातळ पट्टी. द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत तिचा विजेला होणारा विरोध जवळजवळ संपतो. तिच्यात मायक्रोवेव्ह लहरी सोडल्या, की एका ठरावीक जागी पडद्यावर टोकदार शेंडा उठायला हवा. माझा उठायचा तो बसका, एका अंगाला कललेला. मी लहरींची शक्ती वाढवायचो, तो आणखी बसायचा. दोन लहरी सोडल्या तर शेजारी आणखी दोन उगवायच्या, ज्या मी सोडल्याच नव्हत्या. पट्टी बनवणाऱ्याच्या नावानं मी दोन महिने बोटं मोडली. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

फाल्गुनातल्या एका रविवारी बाबा नेहमीपेक्षा जास्तच ओरडले. "हळद" एवढं कळलं. मी "व्हय" म्हणालो. पुढच्या रविवारी फोनच आला नाही.

त्याच आठवड्यात माझे गाइड प्रयोगशाळेत आले. पडदा बघितला, बटण फिरवून शक्ती अगदी कमी केली आणि निघून गेले. शेंडा सरळ उभा राहिला. पट्टीत खोट नव्हतीच. हळू सांगितलेलं ती जसंच्या तसं परत द्यायची. जास्त कोंबलं की बिघडवून द्यायची, वर पदरचं काहीतरी घालून. मला एवढा आनंद झाला, आणि सांगायला शेजारी माणूस नव्हतं. ठरवलं, आता बाबांना सांगायचंच, हळू बोला.

रविवारी फोन आला. मी सांगायच्या आतच बाबा हळू बोलले. पहिल्यांदाच शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू आला.

"हळद शिजवायची आपली पाळी व्हती. तू येतू म्हनलास म्हनून थांबलो, कढई आधी शेजाऱ्याला देली. दोन दिस फाट्यावर येष्ट्या बघत बसलो. यायचं न्हवतं तं न्हाई म्हनावं. व्हय काहून म्हनलास?"

ऐकूच आलं नव्हतं, असं सांगितलं असतं तर वर्षभराचे माझे सगळेच "व्हय" खोटे ठरले असते. मी पुटपुटलो, "चुकलं, बाबा."

"आँ? ऐकू येईना. मोठ्यानं बोल."

हॉस्टेलच्या जिन्याखाली उभं राहून मी सगळा जीव लावून ओरडलो, "चुकलं, बाबा! माझं चुकलं!"

मग ते म्हणाले, "व्हय, व्हय."