अकोल्याच्या मशीनची कामं

आमच्या शेती सल्ला केंद्राचे जुने लोक भेटले की चहा थंड होतो, पण किस्से काही संपत नाहीत. त्यातले निम्मे तरी केंद्राचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या नसरीन आपांचे असतात.

शेतीचे ते वाईट दिवस होते. आमचं केंद्र अमरावतीला आणि एक शाखा अकोल्याला. शेतकऱ्यानं फोन लावला की त्या दिवसाचं हवामान ऐकू यायचं. रोज सकाळी दोन्हीकडचा कॉम्प्युटर आपोआप अंदाज उतरवून घ्यायचा आणि आपांच्या आवाजातले रेकॉर्ड केलेले शब्द जोडून निरोप तयार ठेवायचा. ही सगळी व्यवस्था आपांनी विंडोजऐवजी लिनक्स नावाच्या प्रणालीवर बसवलेली.

आमचे प्रमुख ठाकरे साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले, "याच्यात विंडोज काहून नाही?"

आपा म्हणाल्या, "साहेब, दरवाजा आहे ना. खिडकीतून धूळच येते."

*

एकदा नांदगाव खंडेश्वरचे एक काका खास आपांना पाहायला आले. "पोरी, तू रोज पाचले उठतं काय आमच्यासाठी?"

"नाही काका, मी सातपर्यंत झोपते. मशीन उठते."

काका थोडे नाराज झाले. जाताना म्हणाले, "मंग मशीनले सांगजो, लय चांगलं बोलते."

*

अकोल्याचा ऑपरेटर प्रवीण. एकदा डिस्कवर जागा करताना त्यानं नको त्या फायली उडवल्या. त्यात मशीननं ठरलेल्या वेळी आपोआप करायच्या सगळ्या कामांच्या फायली गेल्या. ऐन कापूस वेचणीचे दिवस. दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं आणि फोनवर आपा सांगत होत्या, आकाश निरभ्र राहील.

बार्शीटाकळीहून एका आजींचा अमरावतीला फोन आला, "तुमची बाई कालचंच बोलून राहिली."

आपा पहिल्या एसटीनं अकोल्याला गेल्या. मीही सोबत होतो. कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी त्या फोनवर बसल्या आणि येईल त्याला स्वतः सांगत राहिल्या, "दुपारी पाऊस आहे, वेचलेला कापूस झाका."

मग प्रवीणकडे वळल्या. तो रडकुंडीला आला होता. "आपा, मूळ प्रोग्रॅमचं पॅकेज पुन्हा टाकून पाह्यलं. फायली येतच नाहीत."

"मशीनले वाटते तू मुद्दाम काढल्या. तिले सांगावं लागते, हरवल्या आहेत, परत दे."

ठाकरे साहेब फोनवरून म्हणाले, "अमरावतीच्या फायली उचलून टाका ना."

"त्यात आपण अमरावतीपुरती बरीच भर घातली आहे, साहेब, ती इथे चालणार नाही. जुन्या नोंदींचे लॉग आवरणं वगैरे मशीनची मूळ कामं आधी बसवू. मग आपली."

एकेक कमांड त्यांनी प्रवीणच्याच हातानं टाइप करून घेतली. निरोप ताजा झाला तेव्हा साहेबांनी विचारलं, "कोणी दुरुस्त केलं?"

"प्रवीणनं," आपा म्हणाल्या.

*

निघण्याआधी आपांनी बार्शीटाकळीच्या त्या आजींना फोन लावला. "आजी, तुमच्यामुळे कळलं. तुमचा कापूस तर नाही ना भिजला?"

"मले कुठचं वावर, माय?"

"मग हवामान कशाला ऐकता?"

"घरात कोणी नाही. सकाळी तू बोलतं, तेवढंच."

दुसऱ्या दिवसापासून आपा केंद्रात आल्या की आधी बार्शीटाकळीला फोन लावायच्या. महिनाभरानं प्रवीण अमरावतीला आला होता. त्यानं ते पाहिलं आणि म्हणाला, "आपा, हे पण मशीनवर लावून देऊ काय? रोज बरोबर वेळेवर जाईल."

"हे नाही," आपा म्हणाल्या आणि नंबर फिरवला.