माळवदाच्या मातीतली कमळं

तारामतीच्या कमळांना शेणखत चालत नसे. शेजारच्या महादेवीने हौसेने खत घालून आपल्या टाकीत कमळ लावलं, तर आठ दिवसांत पाणी हिरवंगार झालं आणि मासे उलटे तरंगले. "माती जड पायजे," तारामतीने तिला सांगितलं, "पाण्यात बसून राहणारी."

तिची माती तशीच होती. पहाटेच्या भूकंपात गावचं घर पडलं, तेव्हा माळवदाचा, म्हणजे छतावरचा, हातभर मातीचा थर तिच्या अंगावर आला. नवरा गेला. तिला लोकांनी दुपारी उकरून काढलं. मुलगा वैजनाथ लातूरला शिक्षक होता, तो न्यायला आला, तर तिने ढिगाऱ्यातली दोन पोती माती टेम्पोत चढवायला लावली.

"जिनं घर खाल्लं, तिलाच संगं नेती व्हय?" बाया म्हणाल्या.

"नेते. आता ती माझ्या हाताखाली राहील."

लातूरच्या घरामागे जुना सिमेंटचा हौद होता. माळवदाची चिकट माती अर्धी, रानातली काळी अर्धी, अशी ती मळून घ्यायची. पसरट घमेल्यात कंद आडवा ठेवायचा, कोंब उघडा. वर बारीक खडी. घमेलं आधी विटांवर, पानं वर आली की एकेक वीट काढून खोल. बारा वर्षांत हौदाचं पाणी पानांखाली दिसेनासं झालं.

तोवर शहरात क्लासेसचं पेव फुटलं होतं. गल्लीतल्या घराघरात बाहेरगावची पोरं भाड्याने राहू लागली. वैजनाथनेही हौदाच्या जागी चार खोल्यांचा नकाशा काढून आणला.

"माय, फुलांनी पोट भरतं का?"

"न्हाई. तुझ्या पगारानं भरतंय की."

"उद्या मुरूम यायलाय. हौद बुजवायचाय."

सकाळी तारामती लुगडं खोचून हौदात उतरली. माघ सरत आला होता. कंद वेगळे करायचे दिवस. ट्रॅक्टर मागे मागे येत हौदाच्या काठाला थांबला.

"मावशी, भाईर या," ड्रायव्हर व्यंकट ओरडला. "ट्रॉली उलटायची हाय."

"उलट की. मी कुठं नको म्हणले?"

"अन् तुमी?"

"माझ्या अंगावर आख्खं घर पडलंय, बाबा. तुझा मुरूम त्याच्याहून हलकाच असंल."

व्यंकटने इंजिन बंद करून मागच्या दारातल्या वैजनाथकडे पाहिलं. "सर, हे माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

"माय, सगळी गल्ली बघायलीय!" वैजनाथचा आवाज चढला.

"बघू दे. फुकटच हाय."

शेजारच्या गच्चीच्या कठड्यावर कोणीतरी फिसकन हसलं. व्यंकट भरली ट्रॉली घेऊन निघून गेला. वैजनाथ हौदाच्या काठाशी आला.

"मग खोल्या बांधू तरी कुठं?"

"गच्चीवर बांध. वर पत्रा टाक मात्र. पोरांच्या डोक्यावर ओझं नको."

त्याने खाली वाकून हात पुढे केला. "चल, वर ये. पाणी गार हाय."

तिने हात धरला नाही. "तू जा शाळेला," ती म्हणाली, "माझी अजून चार घमेली राहिलीत."