बाहीवरच्या तीन पट्ट्या

दुबईत अल बर्शाच्या आमच्या इमारतीत लॉबीत बसणारे सिक्युरिटीचे काका मूळचे साताऱ्याकडचे. रणगाड्यांच्या पलटणीतून रिटायर होऊन इथे आलेले. इमारतीतल्या सगळ्या बायकांना ते मॅडम म्हणायचे, मला तेवढं ताई. परक्या मुलखात माहेरचं माणूस मिळालं, असं मी मैत्रिणींना मिरवून सांगायची.

मुलीच्या शाळेत हेरिटेज डे होता, आपल्या घराण्यातला जुना पोशाख घालून जायचं. आमच्याकडे माझ्या पणजोबांचा एक फोटो आहे. लांब कुडता, कमरबंद, तुऱ्याचा फेटा, पायांना गुंडाळलेल्या पट्ट्या, हातात तलवार आणि दोन्ही खांद्यांवर पोलादी साखळ्या. इंग्रजांच्या घोडदळात ते रिसालदार होते, म्हणजे अधिकारी, हे मी कळायला लागल्यापासून ऐकत आलेली. पुरावा काय, तर त्या साखळ्या. साध्या शिपायाच्या अंगावर एवढा थाट कोण चढवील, असं वडील म्हणायचे. माझ्या लग्नाच्या पहिल्याच बैठकीत सासरच्यांना हे ऐकवलं गेलं होतं. इथे दुबईत ते काम मी एकटीने चालू ठेवलं.

सतवातल्या टेलरने फोटो समोर ठेवून पोशाख हुबेहूब शिवला, बाहीवरच्या पट्ट्यांसकट. मुलगी दुकानातूनच तो घालून घरी आली. हा माझ्या पणजोबांचा पोशाख, असं मी लॉबीत काकांना सांगितलं. ते खुर्चीवरून उठले आणि तिच्या बाहीवरच्या तीन पट्ट्यांवर त्यांनी बोट ठेवलं.

"दफादार," ते म्हणाले. "पायदळातला हवालदार, तो घोडदळात अन् आमच्या रणगाड्यांत दफादार. ताई, मी बी दफादार म्हनूनच रिटायर झालो. घरचंच मानूस निघालं की."

"नाही काका, रिसालदार होते ते. खांद्यावर बघा ना."

"साखळ्या समद्यांनाच असायच्या. तलवारीचा वार खांद्यावर बसू नये म्हनून. दफादाराचा हुद्दा बाहीवर. रिसालदाराचा खांद्यावर, दोन स्टार."

माणूस इतका खूश झाला होता, आणि मी म्हणाले, "चुकतंय तुमचं." मुलीला घेऊन लिफ्टमध्ये शिरले.

वर जाऊन तो फोटो कपाटातून बाहेर काढला, मोबाइलवर शोधलं. काकांचं अक्षर न् अक्षर बरोबर होतं. साधा स्वार म्हणून भरती होऊन दफादार होणं ही काही लहान गोष्ट नाही, हे तेव्हाही कळत होतं. पण डोक्यात एकच बसलं होतं, की पणजोबा आणि आमचा वॉचमन एकाच हुद्द्याचे. मला माझ्या पणजोबांची लाज वाटली. आज हे लिहिताना कोणाची वाटते ते सांगायला नको.

पोशाखाबरोबर लावायच्या शाळेच्या ओळख-कार्डावर पणजोबांच्या नावापुढे रिसालदार छापून झालं होतं. संध्याकाळी मी पुन्हा टेलरकडे गेले.

"पट्टी निकाल दो. कंधे पे दो स्टार लगाओ."

"मगर मॅडम, फोटो में तो पट्टी है."

"फोटो पुराना है, भाईसाब."

"ओके. यल्ला, दस मिनट."

गाडीत मुलगी म्हणाली, "बट मम्मा, अंकल वॉज इन द आर्मी. ही नोज."

"अंकलना आता नीट आठवत नाही," मी म्हणाले. आपली शेखी सांभाळायला मी एका जुन्या सैनिकाची अक्कल काढली, तीही पोरीच्या देखत.

सकाळी आम्ही खाली आलो. काकांनी आधी तिच्या खांद्यांकडे पाहिलं, मग बाहीकडे. पट्ट्या उसवल्या होत्या तिथे सुईची भोकं रांगेने दिसत होती. त्यांनी टेबलावरची टोपी उचलून डोक्यावर घातली, टाचा जुळवल्या आणि तिला कडक सॅल्यूट ठोकला. खांद्यावर स्टार असले की सॅल्यूट करायचा, हा त्यांचा आयुष्यभराचा नियम. मुलीने हसत उलट सॅल्यूट केला. मीही हसले.

"लई मोठे साहेब होते तुमचे पनजोबा, मॅडम," ते म्हणाले.

याला दोन वर्षं झाली. चारदोनदा मनात वाक्य जुळवून मी त्यांच्या टेबलापाशी गेले आहे. ते उठून उभे राहतात. "काही काम होतं का, मॅडम?"

मी विचारते, "माझं पार्सल आलंय का?"