हामाची लेकरं

उपासनेत सगळ्यांना वाटायचा प्रभुभोजनाचा प्याला आमच्या रांगेपाशी आला आणि पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, तो झाकला.

भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये उपासना भरायची. पुढं मोठ्या घरातले ख्रिस्ती, दाराशी आम्ही मांगवाड्यातले ख्रिस्ती. धर्म बदलला, बसायची जागा नाही. पाळक आईकडं बघून म्हणाले, "तुम्ही हामाची लेकरं. दासांचे दास. तो शाप फिटला नाही, म्हणून तुमची भिंत पडली."

त्या भिंतीखाली माझी सहा वर्षांची बहीण गेली होती. भिंती पुढच्या रांगेतल्यांच्याही पडल्या होत्या. पण त्यांची ती परीक्षा, आमचा तो शाप.

आईनं मान डोलावली. "आपल्याच पापानं गेलं लेकरू," म्हणाली. पाळकांपेक्षा त्या डोलावलेल्या मानेचा मला जास्त राग आला.

शास्त्र मोठ्यानं वाचायचं काम माझं. आमच्यात दहावी शिकलेली मी एकटी. पाळक पेन्सिलीनं खुणा करून द्यायचे. तेवढंच वाचायचं, अर्थ ते सांगणार. पुढच्या रविवारी त्यांनी शापाच्या ओळीवर खूण केली. मी चार-पाच ओळी वरून सुरुवात केली.

जलप्रलयातून वाचलेला नोहा प्याला. शास्त्रात द्राक्षारस म्हणतात, आमच्यात दारू. तंबूत उघडा पडला. हाम या मुलानं ते पाहिलं. दारूच्या झोपेतून उठल्या उठल्या बापानं दासांचा दास होण्याचा शाप दिला, तोही हामाला नाही, त्याच्या पोराला. देव त्यात एक शब्द बोलत नाही.

"खूण खाली आहे," पाळक म्हणाले.

"दिसतीय. पण शाप देवानं कुठं दिला? पेलेल्या माणसानं दिला."

"अर्थ सांगणारी तू कोण?"

त्यांनी पुस्तक हिसकावलं. माझं वाचन त्या दिवशी बंद झालं.

पुढं लातुरात कोचिंगचं पेव फुटलं. मी मुलींच्या होस्टेलवर कामाला लागले. तिथल्या वाचनालयात कळलं, सातासमुद्रापार गोऱ्या मालकांनी याच ओळी दाखवून काळी माणसं राबवली, विकली. पिढ्यान्‌पिढ्या. वरच्या ओळी त्यांनीही गिळल्या होत्या. आमच्या पाळकांचा शापसुद्धा उसना निघाला.

गावी जाऊन मी आईला तो अख्खा अध्याय वाचून दाखवला. तिनं पुस्तक मांडीवर ओढलं. मग म्हणाली, "मंग माझ्या पोरीनं काय केलतं?"

"काहीच न्हाई, माय."

इतकी वर्षं तिनं पोरीचं मरण स्वतःच्या पदरात बांधून ठेवलं होतं. ती वर्षं तिला कुणी परत देणार नाही. मी पाळकांना माफ केलेलं नाही, करणारही नाही. यापुढं देवाचं नाव घेऊन आम्हाला हलकं ठरवणारा कुणीही असो, पाळक, पुढारी नाहीतर मास्तर, मी भरसभेत उठून विचारणार: हे कोण म्हणालं, आणि म्हणताना तो शुद्धीत होता का?