खालचं टोक धरणारा

सामान हलवून देणाऱ्या कंपन्यांची माणसं फोनवर फार गोड बोलतात. खोल्या किती, कपाटं किती, काचेचं काही आहे का, सगळं आपुलकीने विचारतात. शेवटी वाट विचारतात आणि तिथे आवाज बदलतो. आमच्या घराला खालच्या डांबरी रस्त्यापासून एक अरुंद गाडीवाट चढत येते. दोन्ही बाजूंना दगडी बांध, मध्ये एक अवघड वळण, आणि फाटकाशी जमिनीतून वर आलेला खडक. एका कंपनीने वाटेचे फोटो मागवले. ते पाठवल्यावर त्यांचा फोन लागेनासा झाला. दुसऱ्या कंपनीचा माणूस मोटारीतून आला, वळणाशी थांबला, खिडकीतून मान काढून वर बघितलं आणि तसाच मागे मागे गेला. जाताना हॉर्न मात्र वाजवला, निरोप घेतल्यासारखा.

घर सोडणं भाग होतं. माझ्या थोरल्या जाऊबाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि त्यांना चालता येत नव्हतं. दोघा भावांच्या आम्ही दोघी बायका, दोघी विधवा, एकाच घरात राहिलेल्या. त्यांच्या मुलाने शहरात इस्पितळाजवळ तळमजल्यावर जागा घेऊन ठेवली होती. तो लांबून फोनवर सांगायचा, "काकू, आता उरकून टाका ना." उरकायला कोणी येत नव्हतं.

शेवटी दूधवाल्याने नंबर दिला. म्हणाला, "सावकाशला विचारा. तो येतो असल्या घरांना."

त्याला सगळे सावकाश म्हणत. सामान उचलताना तो हा एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणायचा, म्हणून. पन्नाशी उलटलेला, रुंद, थोडा वाकलेला माणूस. सामान न्यायच्या आदल्या दिवशी तो वाट तपासायला आला, तो पायी. गाडी त्याने खाली रस्त्यावर सोडली होती. बरोबर त्याचा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. दोघांच्या हातांत एका दोरीची दोन टोकं होती. दोरी ट्रकच्या रुंदीएवढी. एक जण या बांधाला चिकटून, दुसरा त्या बांधाला, असे ते दोरी ताणून चढत येत होते. जिथे दोरी सैल पडेल तिथे ट्रक अडणार. वळणावर ती सैल पडली. दोघे थांबले, एकमेकांकडे बघितलं, आणि पुढे आले.

"ट्रक खालीच राहणार, बाई," सावकाश मला म्हणाला. "सामान खांद्यावरून नेऊ."

"म्हणजे उद्या पण आपण बैलच," मेहुणा म्हणाला.

"बैल काय वाईट असतो?"

"बैलाला रविवारी सुट्टी असते का ते बघा, दाजी. असली तर बैलच बरा."

सावकाश हसला, पण नीट नाही. मेहुणा आत कपाटांची मापं घ्यायला गेला तेव्हा मी चहा केला. सावकाश पायरीवर बसला आणि आपणहून बोलू लागला. दमलेली माणसं अनोळखी माणसापाशी बोलतात, तसं.

पूर्वी तो शहरात एका मोठ्या कंपनीत हमाल होता. रुंद रस्ते, लिफ्ट, सगळं सोयीचं. मग सासरे गेले आणि सासूबाईंना मुलीकडे आणायचं ठरलं. सासरचं घर अशाच एका वाटेच्या टोकाला. कोणी ट्रक पाठवेना. तेव्हा तो आणि मेहुणा, मेहुणा तेव्हा नुकता मिसरूड फुटलेला, दोघांनी अख्खं घर खांद्यावरून खाली आणलं. शेजाऱ्यांनी ते बघितलं. महिन्याभरात त्यांच्यापैकी एकाने बोलावलं.

"माझा धंदा सासऱ्यांच्या कपाटाने सुरू केला," तो म्हणाला. "सासऱ्यांनी जिवंतपणी एवढं काही दिलं नव्हतं."

मग आवाज खाली आणून म्हणाला, "आता हा सोडून जायचं म्हणतोय. गोदामात नोकरी मिळतेय त्याला. उचलायला यंत्र, डोक्यावर छप्पर, जेवायची वेळ ठरलेली. परवा उत्तर द्यायचंय."

"मग तुम्ही दुसरा कोणी बघाल ना?"

"सपाटीवर कोणीही चालतो, बाई. उतारावर नाही." त्याने कपबशी खाली ठेवली आणि हातांनी दाखवलं. उतारावर जड कपाट नेताना एक जण खालचं टोक धरतो आणि उलटा चालतो. सगळा भार त्याच्यावर आणि डोळ्यांसमोर फक्त कपाटाची पाठ. वरचा माणूस त्याचे डोळे असतो. दगड आला, पायरी आली, डावीकडे घे, थांब, हे तो बोलत राहतो. "इतकी वर्षं मी याच्या तोंडाकडे कान लावून उतरतोय. अनोळखी माणसाच्या भरवशावर मी पाय मागे टाकू शकत नाही. जमतच नाही. हा गेला की माझं काम गेलं."

"हे त्याला सांगितलंत?"

"त्याला कळतं की."

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटेवरून इंजिनाचा घरघराट ऐकू आला तेव्हा मला वाटलं, कोणी चुकून वळलं. बघते तो ट्रक. पाठमोरा, इंचाइंचाने वर येत होता. वळणावरच्या बांधाचे वरचे दगड काढून ठेवलेले, मेहुणा मागून हात हलवतोय, बरोबर आणलेले दोन हमाल हसत चालताहेत. फाटकाच्या खडकावर ट्रक एकदा उंटासारखा डुलला आणि आत अंगणात येऊन उभा राहिला.

"तुम्ही तर खालीच ठेवणार होतात?" मी विचारलं.

"आणला वर," सावकाश म्हणाला आणि मेहुण्याकडे बघितलं. लहान मुलाला बक्षीस देऊन त्याचा चेहरा बघावा, तसं. मेहुणा ट्रकचं दार उघडत होता. त्याने मान वर केली नाही.

काम भराभर झालं. जाऊबाई ओसरीवर हात असलेल्या लाकडी खुर्चीत बसून देखरेख करत होत्या. त्यांची जीभ काही मोडली नव्हती.

"अरे, त्या आरशाला माझ्यापेक्षा जास्त जप. तो अजून उभा राहतो."

"आजी, तुम्हालाही गोणपाटात गुंडाळू का?" मेहुण्याने विचारलं.

"गुंडाळ, पण नाक मोकळं ठेव."

दुपार व्हायच्या आत घर रिकामं झालं. भिंतींवर कपाटांचे चौकोन उरले. मला वाटलं, आता ऊन उतरायच्या आत आपण नव्या जागेत असू. मी शेवटची खिडकी लावत होते तेव्हा बाहेर एक घाणेरडा आवाज झाला, लोखंड दगडावर खरवडल्याचा. मग चाकं नुसती फिरल्याचा. मग इंजिन बंद.

ट्रक फाटकात अडकला होता. येताना रिकामा होता, स्प्रिंगा ताठ होत्या, पोट उंच होतं. भरल्यावर तो खाली बसला होता आणि त्याचं पोट खडकावर टेकलं होतं. मागची चाकं जेमतेम जमिनीला लागत होती.

सावकाश खाली उतरला, गुडघ्यांवर बसून ट्रकच्या खाली बघितलं आणि तसाच बसून राहिला.

"रिकामा आला म्हणून भरलेला जाईल होय, दाजी?" मेहुणा म्हणाला. ओरडला नाही. "हे तुम्हीच शिकवलंत मला. पहिल्याच वर्षी."

"माहीत आहे."

"मग?"

सावकाश उठला आणि ट्रकच्या मागच्या दाराची कडी काढू लागला.

दुसरा इलाज नव्हता. जे भरलं होतं ते सगळं पुन्हा उतरवायचं, ट्रक हलका करून खाली रस्त्यावर न्यायचा, आणि मग तेच सामान वाटेने उचलून खाली. म्हणजे एकाच दिवसात तिप्पट काम. हमालांपैकी एक जण शिवी हासडणार होता, मला बघून त्याने ती गिळली. पलंग, गाद्या, पेट्या, शिलाई मशीन, सगळं पुन्हा अंगणात गवतावर आलं.

"लिलाव मांडलाय का?" जाऊबाई ओसरीवरून म्हणाल्या. कोणी हसलं नाही. थोड्या वेळाने हळू आवाजात मला म्हणाल्या, "अगं, आपला संसार एवढासाच होता होय गं?"

मी हातात मावेल ते घेऊन खाली उतरत होते. दिव्याच्या काचा दुसऱ्या कोणाला द्यायची माझी तयारी नव्हती. माझ्या पुढे ते दोघे मोठं कपाट नेत होते. सावकाश खाली, उलटा. मेहुणा वर. मेहुण्याचा आवाज एकसारखा येत होता. "सपाट आहे. सपाट. आता उजवीकडे बांध. दगड, मोठा, पाय उचला. हं." वळणावर त्यांनी कपाट बांधावर टेकवलं आणि दम घेतला. मी मागे थांबले. त्यांना मी दिसत नव्हते, मेहुण्याची माझ्याकडे पाठ होती आणि सावकाशपुढे कपाट होतं.

"तुझ्यासाठीच आणला रे वर," सावकाश म्हणाला. "म्हटलं, तुझा खांदा वाचेल. एक दिवस तरी."

"मला विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय?"

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं, खडक आहे फाटकाशी. काल पायाने दाबून बघितला होता मी."

"मग बोलायचंस की सकाळी."

"सकाळी ट्रक वळवलेला होता तुम्ही. काम घेता तुम्ही, दिवस ठरवता तुम्ही, वर न्यायचं की खाली ठेवायचं तेही तुम्ही. मी फक्त दगड आला, पायरी आली सांगतो. वजनाला नाही कंटाळलो मी, दाजी."

कपाट बांधावर जरासं सरकल्याचा आवाज आला.

"गोदामात काय तुला विचारून खोकी ठेवणार आहेत?"

"नाही. पण तिथे नात्यातलं कोणी नसेल. संध्याकाळी शिव्या तरी घालता येतील."

सावकाश यावर खरंच हसला. मेहुणाही हसला. मला वाटलं, मिटलं. मग मेहुणा म्हणाला, "उचला," आणि दोघे पुन्हा उतरू लागले, तोच आवाज, दगड, पायरी, डावीकडे.

उन्हं कलली तेव्हा अंगणात फक्त जाऊबाई उरल्या होत्या, त्यांच्या खुर्चीसकट. भाड्याची मोटार खाली रस्त्यावर थांबली होती. ती वर येणं शक्यच नव्हतं. दोघांनी त्यांना खुर्चीला रुंद पट्ट्याने बांधलं, कपाटांना बांधायच्याच पट्ट्याने. सावकाशने खुर्चीचे पुढचे पाय धरले, खालच्या बाजूला, उलटा. मेहुण्याने पाठ धरली.

जाऊबाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. फाटकातून बाहेर पडल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. घराकडे बघायला नको म्हणून, का भीतीने, मी विचारलं नाही. सावकाशचे पाय आता थरथरत होते. सकाळपासून तो किती वेळा ही वाट उलटा उतरला होता देव जाणे. प्रत्येक पाऊल मागे टाकण्याआधी तो क्षणभर थांबायचा, आवाज यायचा, मगच पाय खाली जायचा. त्याने एकदाही मागे वळून बघितलं नाही. मेहुणाही एकदाही चुकला नाही. वळणावर जाऊबाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "माझं वजन जास्त की कपाटाचं?"

"कपाट गप्प असतं, आजी," मेहुणा म्हणाला.

खाली रस्त्याच्या कडेला त्यांनी खुर्ची टेकवली. मेहुण्याने पट्टा सोडला, गुंडाळला, आणि जाऊबाईंसमोर वाकून हात जोडले.

"आजी, तुम्ही माझं शेवटचं सामान."

"सामान म्हणालास मला!" जाऊबाई म्हणाल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. माझ्याही आलं. सावकाश दोन हात अंतरावर उभा होता. त्याने ऐकलं होतं. मेहुण्याने त्याच्या तोंडावर सांगण्याऐवजी एका म्हातारीला सांगितलं होतं. सावकाश ट्रकच्या मागे जाऊन दोऱ्या आवळू लागला. आवळलेल्या दोऱ्या सोडून पुन्हा आवळू लागला.

नव्या जागेत सामान लागलं, पण मोठ्या कपाटाचं दार बसत नव्हतं. दीड-दोन महिन्यांनी सावकाश ते बसवायला आला. एकटाच. थोडा लंगडत होता.

"मेहुणे काय म्हणतात?" मी विचारलं.

"मजेत आहे. रविवारी येतो बहिणीकडे जेवायला. पूर्वी जेवताना तोंडातून शब्द निघायचा नाही त्याच्या. आता गोदामाच्या गोष्टी सांगतो, हसवतो सगळ्यांना." बिजागरीत स्क्रू फिरवत तो म्हणाला. "मी एक नवा माणूस घेतलाय. ताकदीचा. सज्जन. पण बोलत नाही हो तो. दगड आला की स्वतः चुकवतो आणि पुढे चालतो."

"आणि तुम्ही पडलात."

"पडलो. एकदाच. पण नंतर तो बोलला तरी माझा पाय उचलेना." त्याने दार उघडून मिटून बघितलं. "आता इमारतींचीच कामं घेतो. लिफ्टमध्ये तो एका बाजूला, मी एका बाजूला, मध्ये कपाट. काही बोलावं लागत नाही."

आतून जाऊबाईंनी विचारलं, कोण आलंय. मी सांगितलं. त्यांनी त्याला आत बोलावून घेतलं आणि लंगडण्यावरून चार शब्द सुनावले. तो मान खाली घालून ऐकत उभा राहिला. चहा घेतला, अर्धा तसाच ठेवला, आणि गेला.

त्याच संध्याकाळी जुन्या घराच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या मास्तरांचा फोन आला. त्यांना आणि त्यांच्या पत्नीला मुलाकडे जायचं होतं. कंपन्यांना फोन करून थकले होते. तुमचं सामान ज्याने नेलं त्याचा नंबर द्या, म्हणाले. मी सांगितलं, त्याने ही कामं सोडली. दुसरा कोणी? दुसरा कोणी मला माहीत नव्हता.

मास्तर मागे वळून पत्नीला म्हणाले, "अगं, नाही जमत म्हणे," आणि मला म्हणाले, "बरं, मग या वर्षी इथेच राहू."