कूलरखालची कुंडी आणि काकाचा चिन्नोर

रामटेकच्या अलीकडच्या आमच्या गावातून टेम्पो निघाला, तेव्हा आईच्या मांडीवर रंगाचा जुना डबा होता आणि डब्यात बासमतीच्या पानाचं रोप. केवड्याच्याच जातीचं, पण बुटकं आणि बिनकाट्याचं. नुसतं हुंगलं तर काही नाही. पानाला गाठ मारून उकळत्या भातात टाका, मग घरभर वास. बाबांना नागपुरात नोकरी लागली होती, हुडकेश्वरच्या एका लेआउटमध्ये घर घेतलं होतं. बाबांचा धाकटा भाऊ, सुधाकरकाका, शेतीसाठी मागे राहिला. त्यानं टेम्पोत चिन्नोरचं पोतं चढवलं आणि आईला म्हणाला, "वहिनी, ते पान साध्या भातात टाकजा. माह्या चिन्नोरमध्ये टाकसान तं मले सांगू नोका."

आमच्याकडची रीतच ती. चिन्नोर हा मुळातच वासाचा तांदूळ. त्यात पान घालणं म्हणजे पिकवणाऱ्याच्या तोंडावर 'तुझ्या धानात दम नाही' म्हणणं. पान रोजच्या जाड्या भातासाठी.

हुडकेश्वरला रोपानं जोर धरला. कूलरमधून गळणाऱ्या पाण्याखाली आईनं कुंडी ठेवली, मे महिन्यात भोवती ओलं पोतं गुंडाळलं. बुडाशी फुटवे आले, त्यांना हवेतच मुळ्या सुटल्या. ते तोडून ती वाटत गेली. आत्या, तुझ्या मनीषनगरच्या गॅलरीतलं झाड त्यातलंच. मोठेबाबा, तुमच्या पुण्याच्या बाल्कनीतलंही. तुम्हालाच लिहिते आहे, म्हणून नावं घेते.

झाड फोफावलं आणि काकाच्या चिन्नोरची पोती नकोशी झाली. पोत्याला सोंडे, किडे लागतात. फ्लॅटमध्ये जागा नाही. गावावरून आणायचं कोणी? मॉलमधलं तांदळाचं पाकीट, त्यात गाठ मारलेलं एक पान, की घरच्या ग्रुपवर ताटाचा फोटो: 'गावचा वास!' निवडणुकीत सीताबर्डीला भर उन्हात पत्रकं वाटते मी, खोटी आश्वासनं छापणारे पुष्कळ पाहिलेत. पण ते निदान मतं तरी मागतात. तुम्हाला काहीच नको असतं, फक्त डोळे ओले करायचे असतात.

मागच्या दिवाळीनंतर सगळे आमच्याकडे जेवायला होते. काकाही आला होता. भात दुकानातल्या तांदळाचा, वरून आईचं पान. मोठेबाबांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "वा! हा आपला चिन्नोर. पुण्यात कितीही वर्षं राहा, जीभ विसरत नाही गा सुधाकर."

काका समोरच बसला होता. त्यानं घास चावला, गिळला. "दादा, तांदूळ दुकानातला हाय. वास वहिनीच्या कुंडीतला हाय."

सगळे हसले. आत्या म्हणाली, "असू दे नं गा. वास तं तोच हाय!"

"तोच हाय तं मंग मी काहून मरून राहिलो, ताई?"

हे कोणाला विनोदी वाटलं, देव जाणे, पुन्हा हसले. मग काकानं ताटाकडे बघत सांगितलं, हे चिन्नोरचं शेवटचं साल. उंच धान, वारा आला की लोळतं. गावात सगळ्यांनी बुटकं वाण धरलंय. रोवणीला, म्हणजे भातलावणीला, माणसं मिळत नाहीत, आणि घरचं कोणी खात नाही. बियाणं घरचंच, पिढ्यांपासून राखलेलं. एक-दोन वर्षं पेरलं नाही की उगवत नाही, संपलं. मी म्हटलं, "काका, असं नको करू." तो म्हणाला, "रोवणीले हात आण. पेरतो."

मी ग्रुपवर टाकलं: रोवणीला या, नाहीतर बी जातं. साधी मराठी होती, पत्रकासारखीसुद्धा नव्हती. उत्तरं आली: जोडलेले हात, रडके चेहरे, 'मिस यू गाव'. मोठेबाबा: "फोटो नक्की टाक वं." आत्याची कंबर धरली होती; त्याच आठवड्यात ती गोव्याच्या वाळूत उड्या मारताना दिसली. बाबांना सुट्टी मिळाली नाही, खरंच मिळाली नाही. आईनं मात्र जायचं का, हे विचारलंच नाही. तिनं जुनी साडी काढून ठेवली.

गेलो आम्ही दोघीच. गुडघाभर चिखल, वाकलेली पाठ, गावच्या चार बायांच्या रांगेत आई अशी शिरली जशी कधी बाहेर पडलीच नव्हती. मी हातात येतील तेवढी रोपं खुपसत होते. काका बांधावरून ओरडला, "पत्रकं वाटून राहिली का वं? दोन-तीन काड्या धर, खाली दाब, मागं सरक!" बाया खदखदल्या. मीही हसले आणि माझी ओळ आणखी तिरपी गेली. काकानं ती पाहिली. उपटली नाही.

चिन्नोरची एकच बांधी लागली, बांधांमधला एवढासा तुकडा; बाकी सगळं बुटकं वाण. पण बी जगलं.

तुम्ही ग्रुपवर विचारता, 'घर म्हणजे काय?' आणि खाली सूर्यास्ताचं चित्र चिकटवता. माझं उत्तर छोटं आहे. त्या बांधीत पूर्वेच्या बाजूला एक वाकडी ओळ उभी आहे, ती माझी. बांधावरून जाणारा कोणीही ओळखतो आणि हसतो. तुमचं तिथं काय उभं आहे?